चांगल्या घरची माणसं आणि पांढरं प्लास्टिक

ऐकलंत का? नाही, राजकारणातलं नाही, त्याहून गंभीर आहे. तिकडे अमेरिकेत, इंग्लंडात, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात चांगली शिकलीसवरलेली, घराचे हप्ते भरणारी, पोरांना शाळेत सोडणारी माणसं शनिवार उजाडला की अंगावर पांढरं प्लास्टिक चढवून घराबाहेर पडतात. पोरंटोरं असती तर म्हटलं असतं, जाऊ दे, वय आहे. पण अठरा वर्षं पूर्ण नसतील तर यांच्यात प्रवेशच नाही! म्हणजे हा वेडेपणा करायलाही सज्ञान असावं लागतं. आणि एवढं नटूनथटून जातात कुठे म्हणाल, तर मुलांच्या इस्पितळात, रक्तदान शिबिरात, गरिबांसाठी धान्य गोळा करायला, नाहीतर गावच्या वाचनालयात बालवाचकांना भेटायला. मिळतं काय? छदाम नाही. उलट पेट्रोल पदरचं.

मी म्हणते, समाजसेवाच करायची तर साधे कपडे घालून होत नाही का? जगभर होते. पण नाही, यांना सोंग हवं.

बरं, सोंग घ्यायचं तर भल्या माणसाचं तरी घ्यावं! यांनी निवडलं काय, तर १९७७ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’मधल्या दुष्ट साम्राज्याचं सैन्य. ज्यांनी तो चित्रपट पाहिलेला नाही (अशी माणसं अजून आहेत, आणि सुखात आहेत) त्यांच्यासाठी सांगते: या साम्राज्यानं अल्डेरान नावाचा आख्खा ग्रह माणसाकाणसांसकट एका फटक्यात उडवून दिला. त्या साम्राज्याचे हे पगारी शिपाई, स्टॉर्मट्रूपर. शिपाई म्हणूनही कीर्ती यथातथाच. ढिगानं गोळ्या झाडतात आणि नायकाच्या केसालाही धक्का लागत नाही. एक ट्रूपर तर खोलीत शिरताना दारावर डोकं आपटतो. चित्रीकरणातली ती चूक तशीच पडद्यावर राहून गेली, आणि पुढच्या आवृत्तीत दिग्दर्शक जॉर्ज लूकस यांनी ते दृश्य कापायचं सोडून त्याला वर ‘ठप्प’ असा आवाज जोडला! एवढी जगजाहीर फजिती झालेल्या सैन्यात फुकट भरती व्हायला माणसं रांगा लावतात. दहा हजारांच्या वर सदस्य आहेत म्हणे, देशोदेशी.

संघटनेचं नाव ‘५०१वी लीजन’. टोपणनाव ‘व्हेडरची मूठ’ (डार्थ व्हेडर म्हणजे त्याच साम्राज्यातला खलनायक). ब्रीद काय, तर आम्ही माणसं वाईट, कामं चांगली. आता बोला.

हे खूळ काढलं कुणी, याचीही चौकशी केली मी. साऊथ कॅरोलिनातले अल्बिन जॉन्सन म्हणून गृहस्थ आहेत. मोटार अपघात झाला आणि त्यात पुढे एक पाय गमवावा लागला. १९९७ साली ‘स्टार वॉर्स’चे जुने चित्रपट डागडुजी करून पुन्हा थिएटरात लागले, तेव्हा हे साहेब घरी जुळवलेलं कवच चढवून सिनेमाला गेले. लोक हसले. शहाण्या माणसानं घरी येऊन ते कवच माळ्यावर टाकलं असतं आणि पुन्हा विषय काढला नसता. यांनी काय करावं? टॉम क्रूज या मित्राला पटवलं (नट नव्हे हो, नाव ऐकायला सारखं, एवढंच) आणि पुढच्या खेपेला दोघं गेले. एकट्याला हसणारी माणसं दोघांना बघून हसायची थांबली आणि फोटो मागायला लागली. तिथेच ठिणगी पडली. दोघांचे चार, चारांचे चाळीस, इंटरनेटवर बातमी फुटली आणि त्याच वर्षी लीजन उभी राहिली. एक मात्र मान्य केलं पाहिजे. अपघातानंतर ज्या माणसाच्या चालण्याकडे सगळ्यांची नजर जात असेल, त्याला हा पोशाख का आवडला ते कळतं. त्या पांढऱ्या कवचात धडधाकट माणूससुद्धा लंगडतच चालतो.

खलनायकांची संघटना आधी झाली, ही गोष्टही ध्यानात ठेवा. चांगल्या बाजूच्या पात्रांची ‘रिबेल लीजन’ २००० साली आली, भाडोत्री योद्ध्यांचे ‘मँडलोरियन मर्क्स’ २००७ साली. सज्जनांना संघटित व्हायला तीन वर्षं जास्त लागली. आपल्याकडचा अनुभव काही वेगळा नाही.

आता आत शिरायचं कसं, ते ऐका. तुम्हाला वाटेल, बाजारातून एक मुखवटा आणावा, फॉर्म भरावा, झालं. छे! कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला झाली नसेल एवढी पारख होते. समोरून फोटो, पाठीमागून फोटो, डाव्या अंगानं, उजव्या अंगानं, हेल्मेट घालून आणि काढून. प्रत्येक पात्राच्या पोशाखाचं एक लेखी मानक ठरलेलं असतं आणि प्रत्येक गॅरिसनमध्ये (शाखा म्हणायचं नाही, गॅरिसन म्हणायचं, लहान असेल तर आउटपोस्ट) ते मानक घेऊन बसलेला एक तपासनीस असतो. गुडघ्यावरची ती वेगळी पट्टी डाव्याच पायाला हवी. गालावरच्या निळ्या रेघा नीट हव्यात. त्यातही पहिल्या चित्रपटात जवळून टिपलेलं हेल्मेट निराळं आणि हाणामारीच्या गर्दीतलं निराळं. दोन्हींच्या तोंडाच्या जाळीतल्या फटी सारख्या नसतात, आणि तुम्ही एकाचे कान दुसऱ्याला जोडलेत तर तपासनीस कळवणार: बदला. चारचौघांत मान असलेला, ऑफिसात दहा माणसं हाताखाली असलेला माणूस, पट्ट्याचं बटण चुकलं म्हणून अर्ज परत घेतो आणि रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून पुन्हा चिकटवाचिकटवी करतो. बायको काय म्हणत असेल? (बऱ्याच ठिकाणी बायकोही ट्रूपरच असते, तेव्हा तीही चिकटवत असते.)

आणि यातला खरा विनोद पुढेच आहे. १९७६ साली चित्रीकरणासाठी ही कवचं घाईघाईनं बनवलेली होती. हेल्मेटची एक बाजू दुसरीसारखी नव्हती, रंग हातानं फासलेला होता. पडद्यावर दोन क्षण दिसायचं आणि मोडीत जायचं, एवढाच त्यांचा जन्म. ही मंडळी त्या चुका हुबेहूब उतरवतात! सरळ, सुबक, दोन्ही बाजूंनी सारखं हेल्मेट केलंत तर ते चूक. वाकडं केलंत तर बरोबर. सुताराला सांगून बघा हे.

अंगावर घातल्यावर काय होतं, त्याची वर्णनं तर ऐकवत नाहीत. एबीएस प्लास्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढतात, खालून हवा खेचून घेतात, मग ते तुकडे कापून, घासून, चिकटवून अंगाच्या मापाचे करतात. आत डोक्यापासून पायापर्यंत काळा घट्ट कपडा. त्यावर छाती, पाठ, दंड, मनगट, मांडी, पोटरी असे सुटे तुकडे, इलॅस्टिक आणि बटणांनी एकमेकांना बांधलेले. चालताना दोन तुकड्यांच्या मधे कातडी सापडते. त्याला ही मंडळी ‘आर्मर बाइट’ म्हणतात आणि एकमेकांना अभिमानानं दाखवतात. हेल्मेटमध्ये घाम, काचेवर वाफ, म्हणून आत इवलासा पंखा. समोरचं जेमतेम दिसतं, स्वतःचे पाय तर दिसतच नाहीत. त्यामुळे ज्याच्या दहशतीनं आकाशगंगा कापते तो योद्धा पायरी आली की थांबतो आणि शेजारी साध्या कपड्यांत चालणारी एखादी बाई त्याला हाताला धरून खाली उतरवते. या मदतनिसाला हँडलर म्हणतात. पाणी पाजायचं, गर्दी आवरायची, पोरांनी मागून बंदूक ओढू नये म्हणून लक्ष ठेवायचं, हे त्याचं किंवा तिचं काम. फोटोत हँडलर कुठेच नसतो. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात अक्कल शाबूत असलेला तेवढा एकच.

आणि स्वच्छतागृहाला जायचं असेल तर? जाऊ द्या, जेवायची वेळ आहे.

खर्चाचं विचारू नका म्हणाल, पण मी विचारलं. नुसता कवचाचा संच, हेल्मेट, बूट, हातमोजे धरून हजार डॉलरच्या आसपास सहज जातो, आणि पुढे एकानं मन भरत नाही. पहिला पोशाख मंजूर झाला की दुसरा सुचतो. गॅरेजमधली गाडी बाहेर पावसात, आत बर्फाळ ग्रहावरचा ट्रूपर, वाळवंटातला ट्रूपर आणि वैमानिक हारीनं उभे.

या टोपापायी कोर्टकचेऱ्याही झाल्यात बरं का! मूळ चित्रपटासाठी हेल्मेटं काढून देणारे इंग्लंडमधले अँड्र्यू एन्सवर्थ यांनी २००४च्या सुमाराला जुन्या साच्यांवरून नवी हेल्मेटं काढून विकायला सुरुवात केली. लूकस यांच्या कंपनीनं दावा ठोकला. २००६ साली अमेरिकेतल्या न्यायालयानं एन्सवर्थ यांच्याविरुद्ध दोन कोटी डॉलरचा निकाल दिला. मग प्रकरण इंग्लंडच्या न्यायालयांत चढत चढत थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रश्न काय, तर स्टॉर्मट्रूपरचं हेल्मेट हे शिल्प आहे की नाही! शिल्प ठरलं तर हक्क दीर्घकाळ टिकणार, नाही ठरलं तर मुदत कधीच संपलेली. डोक्यावर विग न घालता बसलेल्या न्यायमूर्तींनी दुसऱ्याच्या डोक्यावरच्या टोपाचा इतका गंभीर विचार क्वचितच केला असेल. २०११च्या जुलैमध्ये निकाल लागला: शिल्प नव्हे. कलाकृती म्हणायची तर चित्रपटाला; हेल्मेट हे तो बनवायला लागलेलं साहित्य. त्याच निकालात अमेरिकी स्वामित्वहक्काच्या भंगाबद्दल इंग्लंडमध्ये दाद मागता येईल असंही ठरलं, म्हणजे दोघांनाही घरी जाऊन थोडं थोडं जिंकलो म्हणता आलं.

इतके कडक मालक, मग दहा हजार माणसं त्यांच्या पात्रांचे पोशाख घालून हिंडतात ते खपवून कसं घेतात? तिथेच तर मेख आहे. लीजनचे लोक या सोंगावर कमाई करत नाहीत. कार्यक्रमाला येण्याचे पैसे घेत नाहीत. कुणाला फारच वाटलं तर परस्पर एखाद्या धर्मादाय संस्थेला द्या म्हणतात. धंदा नाही म्हटल्यावर मालकांचा राग विरघळला, इतका की पुढे लाड सुरू झाले. टिमथी झॉन या लेखकानं २००४च्या ‘सर्व्हायव्हर्स क्वेस्ट’ कादंबरीत सैन्याच्या तुकडीला यांचाच क्रमांक दिला. २००५च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ चित्रपटात जेडाय योद्ध्यांच्या मंदिरावर चाल करून जाणारी तुकडी तीच. गंमत बघा: चित्रपटाचं बघून माणसांनी पलटण काढली, आणि त्या पलटणीचं नाव चित्रपटात गेलं. २००७च्या १ जानेवारीला पॅसाडिनाच्या रोझ परेडमध्ये लूकस मानकरी होते. त्यांच्यासोबत देशोदेशीचे सुमारे दोनशे ट्रूपर साडेपाच मैल कवायत करत चालले. दारावर डोकं आपटणारे हेच ते, आणि पावलं एका तालात पडत होती म्हणतात.

‘द मँडलोरियन’ मालिकेच्या पहिल्या पर्वात तर कहर झाला. चित्रीकरणाला ट्रूपर कमी पडले. पोशाख शिवायला वेळ नाही. मग कुणाला तरी आठवलं, अरे, ही फुकटी फौज आहे की! लीजनला निरोप गेला. माणसं आपापलं कवच पेटीत भरून आली, काहीतरी जाहिरातीचा किरकोळ कार्यक्रम असेल अशा समजुतीनं, आणि बघतात तर समोर कॅमेरे. कोट्यवधी डॉलरच्या मालिकेत स्वयंपाकघराच्या ओट्यावर चिकटवलेली कवचं! आता यांना घरात कुणी काही बोलू शकत असेल का? ओटा आता कायमचा गेला.

यंत्रमानव बनवणारे तर निराळीच जमात. आर-टू बिल्डर्स म्हणतात त्यांना. गोल डोक्याचा, शिट्ट्या घालणारा तो आर-टू-डी-टू अॅल्युमिनियम कापून, मोटारी बसवून तंतोतंत उभा करायचा, वर्षानुवर्षं. २०१३ साली जर्मनीत एसेन इथे त्यांचे नमुने मांडले होते, ते निर्माती कॅथलीन केनेडी यांनी पाहिले आणि इंग्लंडमधल्या दोघा हौशी बिल्डरांना सरळ ‘द फोर्स अवेकन्स’ चित्रपटाच्या कामावर घेतलं. छंदातून नोकरी लागल्याची उदाहरणं अशी मुलांसमोर सांगू नयेत, दहावीचं वर्ष असतं कुणाकुणाचं.

या बिल्डरांचंच एक प्रकरण आहे, तिथे माझी जीभ जरा आवरते. जॉन्सन यांच्या लहान मुलीला, केटीला, मेंदूची गाठ झाली. चित्रपटात आर-टू रात्री झोपलेल्यांच्या उशाशी राखण करतो, तसा एक आपल्यालाही हवा असं तिनं सांगितलं. गुलाबी रंगाचा. असा यंत्रमानव सुरुवातीपासून बनवायला फार वेळ लागतो आणि तेवढा तिच्याजवळ नव्हता. तेव्हा बिल्डरांपैकी एकानं होता तो आर-टू गुलाबी रंगवून २००५च्या जुलैमध्ये तिच्याकडे नेला. ऑगस्टमध्ये ती गेली. सात वर्षांची होती. तिच्यासाठी ठरवलेला गुलाबी यंत्रमानव नंतर पुरा झाला, त्याला आर-टू-केटी नाव दिलं. तो इस्पितळांतून, कार्यक्रमांतून फिरतो, मुलांसाठी पैसे गोळा करतो, आणि २०१५च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये पडद्यावरही क्षणभर दिसतो. दिसला तर ओळखाल. सबंध तळावर गुलाबी तेवढा एकच आहे.

हं. तर कुठे होते मी? हो, वेडेपणा.

हे पोशाखाचं खूळ काही या स्टॉर्मट्रूपरांनीच सुरू केलं असं नव्हे. १९३९च्या जुलैत न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. सगळे पुरुष कोट-टायमध्ये. आणि त्यात फॉरेस्ट अॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातले कपडे घालून हजर! कपडे कल्पिले आणि शिवले मर्टलबाईंनी, वाहवा गेली कैक वर्षं अॅकरमन यांच्याकडे. हे मात्र भविष्यकाळातलं नव्हे, नेहमीचंच. (आपल्याकडे विज्ञानकथा वाचल्या गेल्या, नारळीकरांच्या कथांवर दोन पिढ्या वाढल्या, पण त्या वाचून कुणी अंतराळवीराचे कपडे शिवायला टाकल्याचं ऐकिवात नाही. आता मुंबईच्या कॉमिक कॉनमध्ये मुलं काय काय घालून येतात ते बघा. लोकलच्या डब्यात शेजारी कवच घातलेला कुणी उभा राहिला तरी कुणी वर बघत नाही, तो भाग वेगळा.)

आणि अशा संमेलनांशी रक्तदानाची सांगड घातली ती रॉबर्ट हाइनलाइन या विज्ञानकथाकारानं. १९७०च्या सुमाराला मोठं आजारपण आलं, रक्तगट दुर्मीळ, परक्यांनी दिलेल्या रक्तावर जीव वाचला. मग १९७६ साली कॅन्सस सिटीच्या संमेलनात वाचक सही मागायला आले की हे म्हणायचे, आधी रक्त द्या! लेखकाच्या सहीसाठी रक्त! आपल्याकडे लेखक स्वखर्चानं पुस्तक भेट देऊन वर सही करतात, तरी लोक घ्यायला कचरतात. दुसऱ्या वर्षी, १९७७ला, सॅन दिएगोच्या कॉमिक कॉनमध्ये त्यांच्या प्रेरणेनं रक्तदान सुरू झालं, ते आजही त्यांच्याच नावानं भरतं. ‘स्टार ट्रेक’मधले क्लिंगॉन, म्हणजे कपाळावर हाडांच्या वळ्या असलेले, उठता-बसता रक्त सांडण्याची भाषा करणारे, त्यांचे वेषधारीही आता पिशवीत मोजून रक्त देतात आणि बिस्कीट खाऊन घरी जातात.

पण सगळ्यांत कान उपटायला हवेत ते चालणाऱ्यांचे. एका ऑस्ट्रेलियन गड्यानं २०११ साली पर्थहून निघून कवचासह सिडनीपर्यंत पायी जायचं ठरवलं. सुमारे पाच हजार किलोमीटर. मधे वाळवंट. आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या स्टारलाइट फाउंडेशनला पैसे मिळावेत म्हणून. पुढच्या वर्षी पोचलाही. हे ऐकून तरी दुसऱ्यानं धडा घ्यावा, तर दुसरा आख्ख्या ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालायला निघाला, मेलबर्नच्या मोनॅश बालरुग्णालयासाठी. वाटेत विषारी सापानं नडगीवर दंश केला. दात प्लास्टिकवर घासले आणि निसटले. चित्रपटात ज्या कवचातून प्रत्येक गोळी आरपार जाते, ज्याची थट्टा करत तीन पिढ्या मोठ्या झाल्या, त्याचा हा एकमेव उपयोग जगात सिद्ध झाला आहे. तिसरा अमेरिकेत. बायको कॅन्सरनं गेली. २०१५ साली तो तिच्या आठवणीत पांढरं कवच चढवून कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाहून निघाला आणि सहाशेहून अधिक मैल चालून सॅन दिएगोला पोचला. त्याला मी काही बोलणार नाही.

आता माझं खरं दुखणं सांगते. वेडेपणा, खर्च, ओटा, सगळं पदरात घेईन. पण चेहरा झाकून समाजसेवा? हा काय प्रकार आहे? आपल्याकडे रीतभात आहे. साहेबांचा वाढदिवस असला की सरकारी दवाखान्यात फळवाटप होतं. एक रुग्ण, एक केळं, आणि त्या केळ्याला लागलेले अकरा हात. अकराही जण केळ्याकडे नव्हे, कॅमेऱ्याकडे बघतात. रुग्ण मधोमध, त्याला उठून बसवलेलं, सलाईनची नळी तेवढी बाजूला. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स. वर साहेब, खाली शुभेच्छुक, त्याखाली गल्लीतले भावी सगळे, पासपोर्ट आकारात. दान केलं कुणी ते गावाला कळतं. हिशेब चोख राहतो.

आणि हे लोक? तास तासभर कवच चढवायचं, घामानं निथळायचं, मुलाच्या खाटेपाशी उभं राहायचं आणि टोप काढायचा नाही! मुलांसमोर टोप काढणं तर निषिद्धच. नावसुद्धा नाही, नंबर. ‘टीके’ आणि पुढे आकडे. फोटो घरी नेला तर त्यात हाच आपला बाबा हे पोरानं शेजाऱ्यांना पटवायचं कसं? दहा ट्रूपर उभे असले तर त्यातला नर्स कोण, नळ जोडणारा कोण, बँकेचा मॅनेजर कोण, कळायला मार्ग नाही. पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं झालं तर हा फोटो काय कामाचा?

मुलांना मात्र चालतं, हे कबूल करायला हवं. महिनोन्‌महिने इस्पितळात पडलेल्या पोराला सगळे हुकूमच सोडत असतात: तोंड उघड, हात पुढे कर, हलू नकोस. आणि एके दिवशी दारातून काळ्या झग्यातला डार्थ व्हेडर येतो, मागे दोन शिपाई, आणि पोरगा म्हणतो, थांबा, तर तिघं थांबतात. म्हणतो, हात वर, तर वर. त्या खोलीत तेवढ्या वेळापुरता हुकूम त्याचा. हे रामाचा वेष घालून गेलात तर जमणार नाही. रामाला अटक करायला कुणाला मजा येते? खलनायकच हवा. एवढ्यासाठी तरी यांचं पात्र बरोबर निवडलेलं आहे, हे मला नाइलाजानं म्हणावं लागतंय.

तर ज्यांची मुलं-नातवंडं न्यू जर्सीत, लंडनात, मेलबर्नला आहेत आणि ज्यांना शाळेच्या जत्रेला नाहीतर मंडळाच्या रक्तदानाला ही ब्याद बोलवायचीच आहे, त्यांनी तिथल्या गॅरिसनकडे अर्ज करावा. मानधन विचारू नये, वाईट वाटतं त्यांना. कुलूप लागणारी एक खोली, पिण्याचं पाणी आणि गाडी लावायला जागा एवढं पुरतं. शाल-श्रीफळ नको, हातमोज्यांतून नारळ निसटतो. आणि स्टेजवर त्यांच्यासाठी खुर्च्या मांडू नका. ते कवच घालून बसता येत नाही.